रिमॅप केलेल्या रोजच्या गाडीसाठी क्लच कसा निवडावा

टर्बो डिझेल किंवा टर्बो पेट्रोल गाडीचा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप केला, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याचे प्रोग्रॅमिंग बदलले, की वाढलेल्या ताकदीचा पहिला भार क्लचवर येतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आरपीएमचा काटा एकदम वर उसळतो, गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि हे वारंवार घडले तर जळका वास येऊ लागतो. मग ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’, ‘स्टेज थ्री’ अशा नावांच्या क्लचचा शोध सुरू होतो. या ‘स्टेज’ना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीच्या स्टेज टू किटमध्ये ऑर्गॅनिक प्लेट आणि जड प्रेशर प्लेट (घर्षणाची प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणारा भाग) असते, तर दुसरीच्या त्याच नावाच्या किटमध्ये केवलारची प्लेट असते. त्यामुळे निवड नावावरून न करता आकड्यांवरून करावी लागते, आणि ते आकडे कसे मिळवायचे व कसे वापरायचे, हेच या लेखात क्रमाने मांडले आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. इंजिनाचा खरा टॉर्क (फिरवण्याचा जोर) थोड्या राखीव क्षमतेसह पेलू शकणारे जितके क्लच उपलब्ध असतील, त्यांतला सर्वांत सौम्य क्लच रोजच्या गाडीसाठी योग्य असतो. गरजेपेक्षा दुप्पट क्षमतेचा क्लच घेतल्याने गाडी वेगवान होत नाही. वाढतात ते पेडलचे वजन, निघताना बसणारे झटके आणि गिअरबॉक्सवरचा ताण. हा लेख मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकाच कोरड्या प्लेटचा क्लच असलेल्या गाड्यांपुरता आहे. डीएसजीसारख्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे गणित वेगळे असते आणि ते इथे घेतलेले नाही.

उदाहरण म्हणून चाकणच्या कारखान्यात बनलेल्या आणि महाराष्ट्रात आजही मोठ्या संख्येने चालणाऱ्या फोक्सवॅगनच्या १.५ लिटर टीडीआय गाड्या घेऊ. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा कंपनीने भारतात ही डिझेल इंजिने बंद केली, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांचा मूळ क्लच बदलण्याच्या वयाला आलेला आहे किंवा येतो आहे. या इंजिनाच्या जास्त ताकदीच्या प्रकाराचा मूळ टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. रिमॅपनंतर तो ३२० झाला असे धरून पुढचा हिशेब केला आहे. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच राहील.

पहिली पायरी: क्लच का घसरतो आहे ते ठरवा

क्लच घसरणे हे लक्षण आहे, आणि त्याची कारणे निदान तीन असू शकतात: प्लेट झिजली आहे, प्लेटवर तेल आले आहे, किंवा क्लचची क्षमताच इंजिनाच्या टॉर्कपेक्षा कमी पडते आहे. नवा महागडा क्लच फक्त तिसऱ्या कारणावरचा उपाय आहे.

चाचणी सोपी आहे. इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्यावर मोकळ्या, सरळ आणि शक्यतो किंचित चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमपर्यंत गाडी मंदावू द्यावी आणि मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम आणि वेग बरोबरीने वाढले तर क्लच धरतो आहे. आरपीएम पुढे पळाले तर लगेच पाय उचलावा, कारण घसरणारा क्लच काही सेकंदांत तापतो. काही गॅरेजमध्ये हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पडते का ते पाहतात. या चाचणीत चांगल्या प्लेटलाही विनाकारण उष्णता लागते, म्हणून ती मी सुचवणार नाही.

घसरण फक्त कमाल टॉर्कच्या पट्ट्यात, म्हणजे डिझेलमध्ये साधारण १८०० ते २८०० आरपीएमला आणि फक्त वरच्या गिअरमध्ये होत असेल, तर क्षमता अपुरी असल्याची शक्यता मोठी. ती सर्वत्र होत असेल, पेडल खूप वर आल्यावरच गाडी हलत असेल आणि क्लचने ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर पाहिले असतील, तर प्लेट झिजलेली आहे. गिअरबॉक्स आणि इंजिन यांच्या सांध्याखाली ओल दिसत असेल, तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे सील किंवा आतला स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा हायड्रॉलिक भाग) गळत असण्याची शंका घ्यावी. सील तसेच ठेवून नुसता क्लच बदलला, तर नवी प्लेटही काही महिन्यांत तेलाने भिजते.

रिमॅप सौम्य असेल, समजा टॉर्क पंधरा टक्क्यांनी वाढला असेल आणि मूळ क्लच जुना असेल, तर नवा मूळ प्रतीचा क्लच बसवणे हाच बहुधा सर्वांत शहाणपणाचा पर्याय ठरतो. कारखान्यातून येणारा क्लच इंजिनाच्या कमाल टॉर्कच्या साधारण सव्वा ते दीड पट क्षमतेचा असतो. जुन्या प्लेटमध्ये ती राखीव क्षमता संपलेली असते. नवीमध्ये ती परत मिळते.

आणखी एक बिनखर्चाचा उपाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिमॅप करणाऱ्याला टॉर्कचा आलेख बदलायला सांगता येते. दोन हजार आरपीएमच्या खाली टॉर्क आवरून धरला आणि वरच्या पट्ट्यात तो पसरून दिला, तर गाडीची पळण्याची क्षमता फारशी कमी होत नाही, पण क्लच, ड्युअल मास (दोन भागांचे, मध्ये स्प्रिंग असलेले) फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स तिघांनाही दिलासा मिळतो. चांगला ट्यूनर ही विनंती आनंदाने मान्य करतो. जो ‘गरज नाही’ म्हणून टाळतो, त्याच्याकडून रिमॅप करून घ्यावा का, याचाच पुन्हा विचार करावा.

दुसरी पायरी: इंजिनाचा टॉर्क किती, आणि तो कुठे मोजलेला आहे

क्लचला पॉवरशी देणेघेणे नसते, त्याच्यावर भार येतो तो टॉर्कचा. ३२० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळत असेल तर पॉवर सुमारे ९१ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) होते, आणि तोच टॉर्क ६००० आरपीएमला मिळत असेल तर सुमारे २७३ पीएस. दोन्ही वेळी पूर्ण जोडलेल्या क्लचला पेलावा लागणारा टॉर्क तेवढाच. म्हणून ‘दोनशे हॉर्सपॉवरपर्यंत चालेल’ असे लिहिलेला क्लच डिझेल गाडीसाठी घेताना त्या आकड्याचा काहीही उपयोग नसतो.

दुसरी गफलत मोजण्याच्या जागेची. रोलर डायनोवर (गाडीची चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चाकांशी मोजलेला टॉर्क हा गिअरबॉक्स, ॲक्सल आणि टायर यांतील हानी वजा होऊन उरलेला असतो. क्लच मात्र या सगळ्याच्या आधी, इंजिनाला लागूनच असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही हानी बारा ते पंधरा टक्के धरण्याची रीत आहे. चाकांवर २७५ न्यूटन-मीटर दिसले आणि हानी चौदा टक्के धरली, तर इंजिनाशी टॉर्क सुमारे ३२० येतो. डायनोच्या कागदावरचा आकडा चाकांवरचा आहे की गणिताने इंजिनाशी आणलेला आहे, हे लेखी विचारून घ्यावे. डायनोचा कागदच नसेल, तर ट्यूनरने सांगितलेला आकडा वरच्या बाजूचा समजून तोच हिशेबाला घ्यावा.

एककांकडेही लक्ष हवे. अमेरिकी कंपन्या क्षमता पाउंड-फूटमध्ये देतात, त्याला १.३५६ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात, म्हणजे ३०० पाउंड-फूट म्हणजे जवळपास ४०७ न्यूटन-मीटर. काही जुन्या माहितीपत्रकांत किलोग्रॅम-मीटर असते, त्याला ९.८१ ने गुणावे.

मिळालेल्या आकड्यावर वीस ते तीस टक्के राखीव क्षमता धरावी. आपल्या उदाहरणात ३२० वर पंचवीस टक्के म्हणजे ४००. पुढे आणखी मोठा टर्बो बसवण्याचा विचार असेल तर आजच सहाशेचा क्लच घेऊन ठेवावा, असा सल्ला अनेकदा मिळतो. तो मला पटत नाही. न झालेल्या बदलासाठी रोजच्या गर्दीत जड आणि झटके देणारा क्लच वर्षानुवर्षे सहन करण्यात काहीच हशील नाही.

याच टप्प्यावर गिअरबॉक्सची मर्यादाही पाहावी. फोक्सवॅगन समूहाच्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या नावांतले आकडे, म्हणजे एमक्यू २००, एमक्यू २५०, एमक्यू ३५०, हे तो गिअरबॉक्स साधारण किती न्यूटन-मीटरसाठी बनवला आहे ते दाखवतात. ती मर्यादा ओलांडली की गिअरबॉक्स लगेच तुटतो असे नाही, पण मूळ क्लच घसरत होता तोवर जास्तीचा टॉर्क तिथपर्यंत पोचतच नव्हता आणि नव्या क्लचनंतर तो पूर्ण पोचणार आहे, याची जाणीव ठेवून खालच्या आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची सवय सोडावी.

तिसरी पायरी: क्षमता कशाने वाढते ते समजून घ्या

क्लचची क्षमता चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, लायनिंगचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या. एका प्लेटला दोन बाजू, म्हणून संख्या दोन.

समजा प्लेटचा बाहेरचा व्यास २२८ मिलिमीटर आणि लायनिंगचा आतला व्यास १५५ मिलिमीटर आहे. सरासरी त्रिज्या सुमारे ९६ मिलिमीटर येते. प्रेशर प्लेटचा दाब ५५०० न्यूटन आणि ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.३० धरला, तर क्षमता सुमारे ३१६ न्यूटन-मीटर होते. २५० च्या इंजिनासाठी हे सव्वापट आहे, म्हणजे कारखान्याची निवड योग्यच होती. पण क्लच तापला की ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक खाली येतो. तो ०.२५ झाला तर हीच क्षमता २६३ वर उतरते. मूळ इंजिनाला एवढे पुरते, ३२० च्या इंजिनाला पुरत नाही. रिमॅप केलेली गाडी सकाळी व्यवस्थित चालते आणि घाटात किंवा तासाभराच्या गर्दीनंतर घसरू लागते, त्याचे कारण हेच.

आता फक्त प्रेशर प्लेट बदलून दाब ७००० न्यूटन केला आणि प्लेट ऑर्गॅनिकच ठेवली, तर थंड असताना क्षमता ४०२ आणि तापल्यावर ३३५ होते. दोन्ही आकडे ३२० च्या वर आहेत. म्हणजे या गाडीला सिरॅमिकची गरज नाही, केवलारची नाही, आणि जुळ्या प्लेटच्या क्लचची तर मुळीच नाही. दाबात सत्तावीस टक्के वाढ केली की काम होते. बहुसंख्य रिमॅप केलेल्या गाड्यांसाठी उत्तर याच परिसरात सापडते, आणि म्हणून ‘जड प्रेशर प्लेट व स्प्रिंगयुक्त ऑर्गॅनिक प्लेट’ हा पर्याय मी इतर सर्वांच्या आधी तपासायला सांगतो.

त्याच गिअरबॉक्सची, पण जास्त टॉर्कच्या इंजिनाची एखादी दुसरी गाडी त्याच कंपनीकडे असेल, तर तिचा मूळ क्लच बसतो का हेही पाहावे. स्प्लाइनची (प्लेट ज्यात बसते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांची) संख्या, प्लेटचा व्यास, फ्लायव्हीलवरच्या बोल्टांची रचना आणि रिलीज बेअरिंगची (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगची) उंची हे चारही जुळले, तर कारखान्याच्या दर्जाचा, सहज मिळणारा आणि पुढेही मिळत राहणारा क्लच हाती येतो.

चौथी पायरी: लायनिंग निवडताना उष्णतेचा विचार करा

क्लच मरतो तो उष्णतेने, आणि आपल्याकडच्या रहदारीत ती कशी तयार होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. माणसांसह १३०० किलोची गाडी सपाट रस्त्यावर १२०० आरपीएमवर क्लच सोडून निघाली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीचा वेग साधारण १० किलोमीटर प्रतितास होतो आणि तोवर सुमारे ५ किलोज्यूल उष्णता प्लेटमध्ये तयार होते. तीच गाडी ३००० आरपीएम ठेवून काढली, तर ही उष्णता ३० किलोज्यूलच्या वर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आरपीएम अडीचपट झाले की उष्णता सहापट होते.

चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे याहून वाईट. आठ टक्के चढावर हीच गाडी १२०० आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये अर्ध्या क्लचवर धरली, तर प्लेटमध्ये जवळपास ३ किलोवॅट दराने उष्णता निर्माण होते, म्हणजे स्वयंपाकघरातला इन्स्टंट गीझर चालू ठेवल्यासारखे. पावणेदोन सेकंद असे धरले, की सपाटीवरून एकदा निघण्याइतकी उष्णता खर्ची पडली. बोर घाटात किंवा खंबाटकीत शनिवारच्या कोंडीत अडकलेल्या गाडीत हे शेकडो वेळा घडते. हँडब्रेक लावून थांबण्याची सवय कोणत्याही महाग लायनिंगपेक्षा जास्त काम करते.

या पार्श्वभूमीवर लायनिंगचे प्रकार पाहावेत. ऑर्गॅनिक लायनिंगमध्ये राळ, काचतंतू आणि तांब्या-पितळेच्या तारा असतात. ते अलगद जुळते, फ्लायव्हीलला जपते, थोडे तापले तर बहुधा थंड झाल्यावर सावरते. त्याची मर्यादा जास्त तापल्यावर दिसते, पण रोजच्या वापरात त्याला तोड नाही.

केवलार, म्हणजे ॲरामिड तंतूंचे लायनिंग, झिजायला चिवट असते आणि जुळतेही मऊपणे. पण त्याला रन-इनचा (नवे लायनिंग घासून नीट बसण्याचा) काळ लांब लागतो, आणि एकदा ते अति तापून त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला की पूर्ववत होत नाही. जो रोज दोन तास कोंडीत असतो आणि ज्याच्या घरी इतर लोकही तीच गाडी चालवतात, त्याने केवलारच्या वाटेला जाऊ नये.

सिरॅमिक किंवा सिंटर्ड धातूच्या पक असलेल्या प्लेट दिसायला आकर्षक असतात. मध्यभागापासून निघालेल्या तीन, चार किंवा सहा बाहूंवर लायनिंगचे तुकडे बसवलेले असतात. घर्षणांक जास्त, उष्णता सहन करण्याची ताकद मोठी, आणि प्लेट हलकी असल्याने गिअर पटकन पडतात. ट्रॅकवर हे गुण मोलाचे आहेत. पण ऑर्गॅनिक प्लेटच्या दोन लायनिंगमध्ये जी पातळ, लहरदार पोलादी पाने असतात, त्यांच्यामुळेच क्लच टप्प्याटप्प्याने जुळतो. पकच्या प्लेटमध्ये बहुधा ही पानेच नसतात. त्यामुळे पेडलच्या अगदी थोड्या अंतरात क्लच बसतो, गाडी थरथरते किंवा उडी मारते. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचा तीव्र रॅम्प उलट्या गिअरमध्ये हळूहळू चढायचा असेल, तर अशा क्लचवर ते काम रोजची शिक्षा होते. फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खरवडला जातो.

एका बाजूला ऑर्गॅनिक आणि दुसऱ्या बाजूला पक अशी संमिश्र प्लेटही मिळते. दोन्ही बाजूंवर दाब सारखाच असल्याने तिची क्षमता दोन्ही घर्षणांकांच्या सरासरीइतकीच असते, आणि दोन बाजू वेगवेगळ्या गतीने झिजतात. ज्या गाडीला जड प्रेशर प्लेट मिळतच नाही, तिच्यासाठी हा तडजोडीचा मार्ग ठरतो. एरवी त्यात विशेष लाभ नाही.

कोणतेही लायनिंग घेतले तरी रोजच्या गाडीत प्लेटच्या मध्यभागी डॅम्पर (धक्के शोषणाऱ्या) स्प्रिंग असलेलीच प्लेट घ्यावी, अपवाद फक्त मूळ ड्युअल मास फ्लायव्हीलसोबत कंपनीने दिलेल्या साध्या मध्याच्या प्लेटचा. त्या गाड्यांत डॅम्परचे काम फ्लायव्हील करते.

पाचवी पायरी: प्रेशर प्लेट आणि पेडल

दाब वाढला की पेडल जड होते. लिव्हरचे प्रमाण तेच असेल तर जवळपास त्याच प्रमाणात. सत्तावीस टक्के वाढ पायाला जाणवते, पण आठवड्याभरात सवय होते. ऐंशी टक्के वाढ मात्र हिंजवडीहून घरी परतताना रोज जाणवत राहते. काही उत्पादक डायाफ्राम स्प्रिंगचा (प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या चकतीसारख्या स्प्रिंगचा) टेकू सरकवून पेडल हलके ठेवतात, पण त्या बदल्यात प्लेट उचलली जाण्याचे अंतर घटते आणि क्लच पूर्ण दाबूनही प्लेट किंचित घासत राहण्याची शक्यता निर्माण होते. असे झाले की पहिला आणि उलटा गिअर टाकताना खडखड होते.

जड प्रेशर प्लेटचा भार पेडल दाबल्यावर रिलीज बेअरिंगमार्फत क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही जातो. म्हणून सिग्नलला पेडल दाबून उभे राहू नये, न्यूट्रल करावे. हायड्रॉलिक प्रणालीचा, पेडलशी जोडलेला जुना मास्टर सिलिंडर वाढलेल्या दाबाखाली गळू लागतो हेही नेहमीचे आहे, त्यामुळे त्याच्या रबरांची तपासणी आधीच करावी.

जुळ्या प्लेटचा क्लच चार पृष्ठभागांमुळे त्याच दाबात दुप्पट क्षमता देतो आणि पेडल हलके राहते. किंमत, न्यूट्रलमधला खुळखुळाट आणि मिळण्यातली अडचण पाहता पाचशे न्यूटन-मीटरच्या पुढेच त्याचा विचार करावा.

सहावी पायरी: फ्लायव्हीलचा निर्णय

अनेक टर्बो डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असते: दोन भाग, आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब कमानीदार स्प्रिंग. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा धक्का या स्प्रिंग गिळतात, म्हणून गिअरबॉक्स शांत राहतो. रिमॅपनंतर हा भागही जास्त ताणला जातो. गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याचा गोल फिरण्याचा मोकळेपणा आणि डगमग कंपनीच्या मर्यादेत आहे का ते मोजावे. ग्रीस बाहेर आले असेल किंवा घासण्याच्या पृष्ठभागावर निळे डाग असतील, तर तो बदलावा. त्याला लेथवर चढवून तासून काढण्याचा मोह टाळावा.

ड्युअल मास महाग असल्याने सिंगल मास किट सुचवले जाते. ते टिकाऊ असते आणि पुढच्या वेळी फक्त प्लेट बदलून भागते. पण डिझेलमध्ये, विशेषतः दीड हजार आरपीएमच्या खाली, गिअरचा खडखडाट वाढतो आणि बॉडीत कंप येतो. ज्याला शांतता हवी त्याने नवे ड्युअल मास घ्यावे. ज्याला आवाज चालतो आणि जो गाडी वरच्या आरपीएमवर चालवतो, त्याने रुंद स्प्रिंगची प्लेट असलेले सिंगल मास किट घ्यावे. फार हलके फ्लायव्हील रोजच्या डिझेल गाडीत बसवू नये: गाडी निघताना बंद पडते आणि कोंडीत सरकवणे अवघड होते. पेट्रोल गाडीत माफक हलके फ्लायव्हील चालू शकते.

सातवी पायरी: पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात. क्षमतेचा आकडा इंजिनाशी आहे की चाकांशी, आणि तो नव्या प्लेटचा आहे की रन-इन झालेल्या? प्रेशर प्लेटचा दाब किती आणि तो मूळपेक्षा किती टक्के जास्त आहे? किट कोणत्या फ्लायव्हीलसाठी आहे? रिलीज बेअरिंग किंवा आतला स्लेव्ह सिलिंडर सोबत येतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे, दोन वर्षांनी फक्त प्लेट सुटी मिळेल का? आयात केलेल्या किटवर सीमाशुल्क आणि वाहतूक लागते. प्लेट सुटी मिळत नसेल तर तो खर्च प्रत्येक वेळी पूर्ण करावा लागेल. दाबाचा आकडा देऊ न शकणाऱ्या विक्रेत्याकडून मी क्लच घेणार नाही.

मूळ प्रतीचे भाग लुक, वालेओ, सॅक्स, एक्सेडी यांसारख्या कंपन्यांचे असतील तर अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत, कारण लोकप्रिय क्लचची बनावट खोकी बाजारात फिरतात. वॉरंटीतल्या गाडीत असे बदल केले, तर इंजिन व गिअरबॉक्सवरचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही आधीच हिशेबात धरावे.

आठवी पायरी: बसवताना

मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो, म्हणून त्याच वेळी रिलीज बेअरिंग, आतला स्लेव्ह सिलिंडर आणि शंका असेल तर मागचे ऑइल सील बदलावे. फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात. नवे घेऊन कंपनीने सांगितलेल्या टॉर्क आणि कोनानेच आवळावेत. सिंगल मास फ्लायव्हील ग्राइंड करून सपाट करावे आणि त्याला पायरी असेल तर तिची उंची मूळइतकीच राखावी.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज टाळण्यासाठी तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसल्याशिवाय प्लेट चढवू नये. जुनी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ लेप पुरतो, जास्तीचे ग्रीस फिरताना लायनिंगवर उडते. प्लेटवरची गिअरबॉक्सच्या बाजूची खूण पाहूनच ती बसवावी, अलाइनमेंट टूलने मध्य साधावा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आडव्या-उभ्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. आपोआप जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असेल तर तिचे खास टूल लागते. ते नसलेल्या गॅरेजमध्ये तिची रिंग चुकीच्या जागी सरकते आणि नव्या क्लचचे पेडल पहिल्या दिवसापासून बिघडते. शेवटी हायड्रॉलिक प्रणालीतले द्रव बदलून हवा काढावी.

नववी पायरी: रन-इन आणि पहिली तपासणी

ऑर्गॅनिक प्लेटसाठी पाचशे ते आठशे किलोमीटर, केवलारसाठी पंधराशेपर्यंत, हे अंतर शहरातल्या थांबत-निघत चालण्याचे असावे. द्रुतगती मार्गावर एका दमात कापलेले अंतर यात धरू नये, कारण तिथे क्लच जुळलेलाच असतो आणि लायनिंगचा पृष्ठभाग फ्लायव्हीलशी घासून बसतच नाही. या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नये. शक्य असेल तर ट्यूनरकडून तेवढ्या दिवसांपुरता मूळ मॅप परत टाकून घ्यावा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये हलकी थरथर किंवा नवेपणाचा वास आला तर तो स्वाभाविक आहे. थरथर आठशेनंतरही कायम राहिली, तर फ्लायव्हीलचा पृष्ठभाग, इंजिन माउंट आणि लायनिंगवरचे ग्रीस या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात.

रन-इन पूर्ण झाल्यावर पहिल्या पायरीतली चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा करावी: एकदा क्लच थंड असताना आणि एकदा अर्धा तास गर्दीत चालवून झाल्यावर. दुसऱ्या वेळी किंचितही घसरण दिसली, तर आणखी जड क्लच मागवण्याआधी पेडल सोडल्यावर रिलीज बेअरिंग पूर्ण मागे जाते का आणि मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकून राहतो का ते पाहावे. बेअरिंग डायाफ्रामवर दाब देत राहिले, तर ७००० न्यूटनच्या प्रेशर प्लेटचा काही दाब प्लेटपर्यंत पोचत नाही.